ऑस्करच्या यादीत लतादीदी नव्हत्या, त्याचा राग येणारच

ऑस्कर झालं की दुसऱ्या दिवशी सगळीकडे कपडे, भाषणं आणि कोणावर अन्याय झाला याचीच चर्चा. मला मात्र त्या साडेतीन-चार तासातली पाच मिनिटंच सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटतात, ती म्हणजे इन मेमोरियम. वर्षभरात गेलेल्या सिनेमातल्या लोकांचे फोटो आणि नावं दाखवतात ना, ते. बाकीच्या पुरस्कारांवर पुढच्या वर्षी परत भांडता येतं, पण या यादीत ज्याचं नाव राहिलं त्याचं राहिलंच. म्हणून लोक त्यावर एवढे चिडतात आणि माझ्या मते बरोबर चिडतात.

2022 चा सोहळा म्हटलं की सगळ्यांना ती थप्पडच आठवते. आपल्याकडे 28 मार्चची सकाळ होती, सोमवार, बाहेर पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवून गेलेला, घरात अर्धे लोक आंघोळीच्या घाईत, आणि विल स्मिथ स्टेजवर जाऊन ख्रिस रॉकला मारतो आणि एका मिनिटात सगळ्या ग्रुपवर तेच, खरं की नाटक, खरं की नाटक. त्या गोंधळातच डॉक्युमेंटरीचा पुरस्कार जाहीर झाला, तिथे आपली 'रायटिंग विथ फायर' नॉमिनेशनमध्ये होती, खबर लहरिया नावाच्या वृत्तपत्रात दलित बायका पत्रकारिता करतात त्यांच्यावरची. तिला मिळालं नाही हे ठीक आहे, हरजीत असते, पण आमच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण आमच्या घरात त्या दिवशी वाट बघणं चाललं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. लतादीदी 6 फेब्रुवारीला गेल्या. तेव्हा गोव्यात निवडणुकीचा प्रचार जोरात होता, तरी त्या दिवशी आमच्या फोंड्याच्या बाजूला घराघरातून त्यांचीच गाणी ऐकू येत होती. मंगेशी आमच्यापासून जवळ. दीदींचे वडील दीनानाथ, त्यांचा जन्म तिथला, 1900 सालचा, आणि मंगेशकर हे आडनावच त्या गावावरून आलेलं. त्यांची नाटक कंपनी, बलवंत संगीत मंडळी, बंद पडून किती वर्षं झाली पण नाट्यसंगीत काही आमच्याकडून गेलं नाही, जत्रेच्या नाटकात आजही गायलं जातं आणि चुकलं तर समोर बसलेले लोक तिथल्या तिथे सांगतात. माझी आते त्यातलीच. तिला इंग्लिश सिनेमात काडीचा रस नाही पण फेब्रुवारीपासून ती म्हणत होती, "त्या ऑस्करला दीदींचा फोटो दाखवणार बघ, मला उठव हं."

उठवलं. चष्मा पुसून ती टीव्हीसमोर बसली. इन मेमोरियम सुरू झालं तर समोर गाणारे लोक चक्क नाचतायत, मागे फोटो येतायत, मध्येच एकेक जण येऊन सिडनी पॉइटिए, बेटी व्हाइट यांच्याबद्दल बोलतायत, जेमी ली कर्टिसच्या हातात कुत्र्याचं पिल्लू. नावं वाचायची की नाच बघायचा कळेना. आते पुढे सरकून सरकून बघत होती आणि ते संपलं तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं बघायचं राहिलं काय गो?" मी म्हटलं थांब, नीट बघते. इंटरनेटवर बघितलं तर तोपर्यंत सगळीकडे तेच सुरू झालं होतं, लता मंगेशकर नाहीत, दिलीप कुमार नाहीत. पुढच्याच आठवड्यात ग्रॅमी हे संगीताचे पुरस्कार झाले, तिथेही दीदी नाहीत. आते काही बोलली नाही, उठून पूजेची फुलं काढायला गेली.

आमच्या फॅमिली ग्रुपवर मग दोन तट पडले. एका काकांचं म्हणणं, त्यांचा सोहळा, त्यांची यादी, आपण कशाला गोऱ्यांच्या सर्टिफिकेटची वाट बघायची, दीदींना भारतरत्न आहे आणखी काय पाहिजे. काकांबद्दल आदर आहे पण हे मला पटत नाही. सर्टिफिकेट कोणी मागितलंच नव्हतं. जो कार्यक्रम जगभर दाखवतात आणि आम्ही जगातल्या सिनेमाची आठवण ठेवतो असं म्हणतात, त्यात दीदींचा फोटो दोन सेकंद असावा एवढीच अपेक्षा होती.

वेळ कमी पडला असंही काही लोक म्हणाले. तेही खरं नाही. श्रीदेवी 24 फेब्रुवारी 2018 ला गेली आणि 4 मार्चच्या ऑस्करमध्ये तिचा फोटो होता, शशी कपूरही होते. 2025 ला हॉलिवूडचे नट जीन हॅकमन गेल्याचं कळलं आणि चार-पाच दिवसात मॉर्गन फ्रीमन स्टेजवर त्यांच्याबद्दल बोलले. दीदी जाऊन तर सात आठवडे झाले होते. शिवाय त्याच मार्चमध्ये, ऑस्करच्या दोन आठवडे आधी, लंडनला बाफ्टाने, म्हणजे ब्रिटनच्या सिनेमा पुरस्कारांनी, दीदींचा फोटो दाखवला होता, म्हणजे ब्रिटिशांना जमलं.

गाणारे लोक सिनेमात धरत नाहीत म्हणावं तर ऐका. तोपर्यंत परदेशी सिनेमाच्या ऑस्करला भारताचे तीनच सिनेमे शेवटच्या पाचात पोचले होते, 1958 ला मदर इंडिया, 1989 ला सलाम बॉम्बे आणि 2002 ला लगान. तीनपैकी दोघांत लताबाईंचा आवाज आहे. पहिला आणि शेवटचा, मध्ये चव्वेचाळीस वर्षं! हॉलिवूडमध्ये तरी एवढा काळ टिकलेला गाता गळा कुठला दाखवा. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा काका गप्प झाले नाहीत पण विषय बदलला.

आणि आपली माणसं ते कधीच दाखवत नाहीत असंही नाही, ते बोलणं अन्यायाचं होईल. 2021 ला भानू अथैया होत्या, आपल्या कोल्हापूरच्या, गांधी सिनेमाच्या कपड्यांसाठी 1983 ला भारताचं पहिलं ऑस्कर आणणाऱ्या. इरफान पण होता. फक्त त्या वर्षी स्टीव्ही वंडरच्या गाण्यावर फोटो एवढे भराभर पळवले की भानूताईंचं नाव वाचेपर्यंत पुढचा माणूस आला. जगभरचे प्रेक्षक त्यावर वैतागले होते.

मग 2024. आपल्याकडे साडेचारलाच सुरू झालं त्या वर्षी. आतेला मी आधीच सांगितलं होतं, नितीन देसाई कदाचित असतील. ते ऑगस्ट 2023 मध्ये गेले, आणि लगानचं ते गाव उभं करणारे कला दिग्दर्शक तेच. आंद्रेआ बोचेली आणि त्यांचा मुलगा गात होते, सुंदर गात होते यात वादच नाही, पण कॅमेरा सारखा लांबून स्टेज दाखवतोय, नाचणारे, गाणारे, आणि गेलेल्यांचे फोटो मागच्या पडद्यावर टपाल तिकिटाएवढे. आते उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली, चष्मा वर करून, बोट काचेवर ठेवून अक्षरं वाचायचा प्रयत्न करत. आणि अचानक, "हा! देसाई! आला, आला!" एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या. मग सकाळभर आमच्याकडे फोन, बघितलंस काय, आपला मराठी माणूस. दोन सेकंदात लोकांना केवढा आनंद होतो बघा. आणि त्याच लोकांनी, अमेरिकेतल्यांनीसुद्धा, त्या दिवशी तक्रार केली की नावं वाचताच आली नाहीत.

म्हणजे एका वर्षी भराभर पळवतात, एका वर्षी पुढे नाच, एका वर्षी कॅमेरा लांब. दर वेळी ओरड तीच आणि ती ऐकून घेतलेली दिसत नाही. हा भाग करायला लागतं काय हो? फोटो, नाव, काम काय करायचे ते, आणि कॅमेरा हलवू नका. गाणारा कितीही मोठा असला तरी त्याला एकदाच दाखवा, सुरुवातीला. संगीत ऐकू येतंच की, डोळे नावांसाठी मोकळे ठेवा.

आपण बघतोय हे त्यांना माहीत नाही असंही नाही. 2025 ला सूत्रसंचालक कोनन ओब्रायनने चक्क हिंदीत नमस्कार केला, तुमच्याकडे सकाळ आहे, नाश्ता करत बघत असाल म्हणून. उच्चार जेमतेम, पण आम्ही खरंच पाव आणि पातळ भाजी घेऊन बसलो होतो आणि सगळे हसले. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या प्रेक्षकाला तुम्ही नाश्त्याचं विचारता त्याची माणसं गेली तर तेही लक्षात ठेवायला पाहिजे.

आमच्याकडे गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दरवर्षी होमेज विभाग असतो, त्यात गेलेल्या कलाकाराचा किंवा दिग्दर्शकाचा अख्खा सिनेमा दाखवतात. तो विभाग मला फार आवडतो आणि तिथे रिकाम्या खुर्च्या दिसल्या की जीव तुटतो, कारण त्याच वेळी शेजारच्या स्क्रीनला परदेशी सिनेमासाठी लाइन लागलेली असते. ऑस्करवर एवढं चिडणारे आपण तिथेही जायला हवं. पणजीला राहणाऱ्यांनी तरी, तुम्हाला चालत जाता येतं. नोव्हेंबरमध्ये शेड्यूल आलं की मी त्यातले सिनेमे आणि वेळा इथे टाकीन, आतेला घेऊन मी जाणारच आहे, कोणाला फोंड्याहून गाडीत जागा हवी असेल तर आधी कळवा.