राजहंसगड : येळ्ळूरच्या शिवारातून पायी

बेळगावकर राजहंसगडाला येळ्ळूरगड असेही म्हणतात आणि बहुतेक जण तिथे गाडीनेच जातात. गडापर्यंत रस्ता झाल्यापासून तो अर्ध्या दिवसाच्या सहलीचे ठिकाण झाला आहे, यात गैर काही नाही. पण हा डोंगर नेमका इथेच किल्ला म्हणून का निवडला गेला, हे गाडीतून उतरून तटावर उभे राहिल्याने पुरते कळत नाही. त्यासाठी येळ्ळूर गावातून शिवार तुडवत चढणे भाग आहे, असे माझे मत या वेळच्या फेरीनंतर पक्के झाले.

आम्ही जानेवारीतल्या एका सकाळी शहरातून वडगावमार्गे येळ्ळूरला उतरलो. गाव मराठी वस्तीचे, कुस्तीच्या मैदानासाठी आणि बासमतीसाठी नावाजलेले. भाताची कापणी होऊन गेली होती आणि त्याच वाफ्यांत मसूर व वाटाणा उभा होता. पाणी न देता, भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर हे दुसरे पीक निघते; बेळगावची मसूर म्हणून बाजारात ज्याला भाव मिळतो ते हेच. वाफ्याच्या कडेला बसून ढेकूळ फोडून पाहिले, तर वरचा इंचभर थर कोरडा आणि भेगाळलेला, पण खालची काळी माती बोटांना चिकटत होती. शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या या सुपीक पट्ट्यातून हलगा–मच्छे बायपास नेण्यास शेतकऱ्यांनी इतका विरोध का केला, हे समजायला तेवढे ढेकूळ पुरेसे आहे.

शिवार संपून चढ लागला की मातीचा रंग बदलतो. बेळगाव हे दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या दक्षिण सीमेवर वसले आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर खानापूरच्या पलीकडे संपतात आणि त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. या सीमेवरच्या डोंगरांच्या माथ्यांवर बेसाल्ट कुजून, भरपूर पावसाने त्यातील सिलिका धुऊन जाऊन, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला जांभा तयार झाला आहे. वाटेवर पडलेला एखादा तुकडा उचलून पाहावा : आत नळ्यानळ्यांची पोकळी, तिच्या कडेला गंजासारखा तपकिरी थर आणि हाताला लागणारी तांबडी भुकटी. अशाच माथ्यांमधून पश्चिमेला चंदगडकडे बॉक्साईट काढले जाते.

माथ्यावरून पाण्याची वाटणी कळते. उत्तरेकडचे पाणी बळ्ळारी नाल्याने मार्कंडेय नदीला आणि पुढे घटप्रभेला मिळते, तर दक्षिणेच्या, खानापूरकडच्या मुलखाचे पाणी मलप्रभेकडे वळते. दोन्ही नद्या अखेर कृष्णेलाच जातात, मात्र वेगवेगळ्या संगमांवर, मलप्रभा कूडलसंगमला. पावसाचा उतारही इथून समजून घेता येतो : पश्चिमेला कणकुंबी आणि आमगावकडे पाऊस बेळगावच्या कितीतरी पट पडतो, आणि पूर्वेला सौंदत्तीकडे जावे तसतसा तो झपाट्याने घटत जातो. स्वच्छ सकाळी वैजनाथ आणि महिपालगडाची रांग एका बाजूला व सपाट काळवट रान दुसऱ्या बाजूला दिसते, तेव्हा घाटमाथा आणि पठार यांच्या मधली ही टेहळणीची जागा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

इतिहासाबाबत सावधपणे लिहिणे बरे. मूळचा मातीचा गड या भागावर राज्य करणाऱ्या रट्ट घराण्याने उभारला आणि आदिलशाहीतील बेळगावचा सरदार असद खान लारी याने तो दगडी केला, अशी परंपरा आहे. रट्टांनी तेराव्या शतकाच्या आरंभी सौंदत्तीहून राजधानी वेणुग्रामास, म्हणजे बेळगावास आणली. तिथल्या भुईकोटातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ चे आहे. बहमनी वजीर महमूद गवानने १४७३ च्या सुमारास बेळगाव बहमनींकडे घेतले आणि १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने वीसेक दिवसांच्या वेढ्यानंतर भुईकोट जिंकला. नोंदलेल्या मोठ्या घटना अशा भुईकोटाच्या वाट्याला आल्या. राजहंसगडाने बहुधा त्याची दक्षिणेची पहाऱ्याची चौकी म्हणूनच काम केले असावे, असे जागा पाहून वाटते. गडाच्या आत सिद्धेश्वराचे मंदिर आणि खोल विहीर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, दोन पक्षांकडून चार दिवसांत दोनदा अनावरण झाले. सीमाभागात महाराजांवर हक्क सांगण्याची चढाओढ कशी चालते, याचा तो चांगला नमुना म्हणावा लागेल.

जाणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. येळ्ळूरपर्यंत शहरातून बस आहे. तिथून रमतगमत दोन तासांत माथा गाठता येतो आणि नवख्यालाही चढण जड जात नाही. वाफ्यांतून न जाता बांधावरून किंवा पाणंदीने चालावे, मसुरीचे ताटवे पायाखाली फार सहज येतात. पाणी पुरेसे सोबत घ्यावे, कारण वर काही मिळेलच असे धरता येत नाही, आणि चढावर सावलीही बेताचीच आहे. विहिरीच्या कठड्यावरून वाकू नये, मुलांना तर मुळीच वाकू देऊ नये. पावसाळ्यात माथा धुक्यात बुडतो आणि जांभ्यावर शेवाळ धरून पाय घसरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेला ढग दाटू लागले, तर उरलेला गड पाहायचा मोह सोडून खाली उतरावे. आजूबाजूला याच्याएवढे उंच दुसरे काही नसल्याने वळवाच्या विजेचा धोका इथे खरा आहे. परतीला तीच वाट नको असेल, तर देसूरच्या बाजूने उतरून खानापूर रस्त्यावर बेळगावची बस पकडावी.