‘हरवलेली 30 वर्षं’ गायला घेताना

बुधवार, रात्री

गायक सोल उन-दोचं हे ट्रॉट (ठेकेबाज, भावुक कोरियन सुगम संगीत) गाणं 1983 चं. त्या वर्षी दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीने कोरियन युद्धात ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध सुरू केला. 30 जून ते 14 नोव्हेंबर, मिळून 453 तास 45 मिनिटं थेट प्रक्षेपण, आणि दहा हजारांहून जास्त कुटुंबांची भेट. सोल शहरातल्या योईदो भागात वाहिनीच्या इमारतीच्या भिंती नावं, गावं, ताटातुटीच्या खुणा लिहिलेल्या कागदांनी झाकून गेल्या होत्या. ऐकणारे आधीच रडत होते. गायकाने वेगळं रडायचं कारण नाही, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं.

ठेका सरळ चार मात्रांचा. पहिल्या-तिसऱ्या मात्रेला बेस, सा आणि प आलटून पालटून. दुसऱ्या-चौथ्याला गिटारचा तुटक आघात. केरव्यासारखा झुलवला की गाण्याचा कणाच मोडतो.

जुन्या वळणाच्या उदास ट्रॉटमध्ये म आणि नी वर्ज्य: सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनीचा धैवत कोमल केला की झालं. आपला गळा मात्र सवयीने शुद्ध ध लावतो, ते जपावं. (याच सुरावटीला जपानी ठरवून गायिका ली मी-जाच्या 1964 च्या ‘दोंगबेक आगाश्शी’ या गाण्यावर बंदी आली, ती उठली 1987 मध्ये.)

खरी मेख ‘क्कॉक्की’त, म्हणजे ट्रॉटमधल्या स्वर मुरडण्याच्या हरकतीत. स्वर धरायचा, वरच्या शेजारच्या स्वराला निसटता स्पर्श करून लगेच परतायचं. मींड घेतली की गाणं ठुमरीकडे झुकतं, घसा आवळला की उचकी वाटते. रियाज असा: मेट्रोनोम 60 वर, फक्त ‘आ’, प-ध-प. पलटा स्वच्छ पडू लागला की शब्द घालावेत, वेग सगळ्यात शेवटी. एका ओळीत एक, फार तर दोन जागा. प्रत्येक शब्दाला मुरड घातली की ती नक्कल होते. लांब स्वर निम्मा सरळ ठेवावा, कंप त्यानंतर. सुरुवातीपासून थरथरणारा आवाज म्हातारा वाटतो, व्याकूळ नाही.

पट्टी ठरवताना गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर लागतो एवढंच पाहू नये. क्कॉक्कीला त्याच्याही वरचा स्वर लागतो, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा-एक सूर खालची पट्टी घ्यावी.