फुईचा अंगठा

"आखाजीले बलावशी ना रे भाऊ?"

आज रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोड पत्रावर अंगठा देता देता फुईने, म्हणजे माझ्या आत्याने, पप्पांना विचारलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकी माहेरी येतात तो सण. पप्पा नुसती मान हलवून भिंतीकडे बघत बसले.

पहाटेच्या एसटीने धुळ्याहून आलेली ती, पिशवीत आमच्यासाठी सांजोऱ्या. मशीनवर तिचा अंगठा उमटेचना. कापूस वेचून वेचून रेषाच झिजल्यात, ऑपरेटर म्हणाला पुसून परत ठेवा, मग तिने पदराला घासला, परत ठेवला, चौथ्यांदा आला. जमीन सोडायला इतका आटापिटा, आणि घाबरलेलीही तीच.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने झालं. त्यावेळी बाप हयात नसला तरी हक्क आहेच, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. हे सगळं मला माहीत होतं हो. तरी साक्षीदार म्हणून खाली सही माझीच आहे, आणि तेव्हापासून घास उतरत नाहीये.

माहेर तुटेल या भीतीने दिलेल्या अंगठ्याला स्वखुशी कसं म्हणायचं?

तुमच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे का?