दर रविवारी पाच मिनिटं

दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर जहाजावर जाणारी पोरं पुष्कळ. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात पावसाळा हमखास सापडतो आणि गाडी पडवीत उभी राहते. त्यामुळे झोपलेली गाडी उठवणं हे आमच्या भागातल्या गॅरेजचं हिवाळ्यातलं ठरलेलं काम. बॅटरी, प्लग, कार्बोरेटर, तेल एवढं केलं की गाडी संध्याकाळपर्यंत रस्त्याला लागते. यंदा आलेली रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मात्र अजून डोक्यातून जात नाही. ती झोपलेली नव्हतीच. दर रविवारी चालू होत होती.

२०१७चं मॉडेल, कार्बोरेटरवालं यूसीई इंजिन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत. मालक मे संपताना गेला, डिसेंबरात आला. जाण्याआधी त्याने सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं, तिथे नेहमीचं उत्तर मिळालं, "घरच्यांना सांगा, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवा. काही होत नाही." काउंटरवर बसून टाय लावून सल्ला द्यायला पाना हातात धरावा लागत नाही. घरी वडील होते, शिस्तीचे. रविवारी अंघोळ झाली की ताडपत्री काढायची, चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, घड्याळ लावून पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची आणि पुन्हा ताडपत्री. "मिस्त्री, एक रविवार चुकवला नाही हो," हे त्यांनी मला दारातच सांगितलं.

तक्रार होती की गाडी ओढत नाही आणि आवाज फाटका येतो. तेलाच्या काचेत पाहिलं तर आत पांढरट दिसलं. तेल भरायचं बूच उघडलं, त्याच्या आतल्या बाजूला पिवळट साय जमलेली, ताकावर लोणी यावं तशी. खाली ड्रेन नट सैल केला तेव्हा आधी थोडं पाणी आलं, मग तेल. एक किलोमीटरही न चाललेल्या गाडीच्या इंजिनातून पाणी. गाडीचा मालक, त्यांचा पोरगा, म्हणाला, पावसाचं गेलं असेल. पाऊस तिथे जायला वाटच नाही.

सायलेन्सरचे नट सोडवून तो उभा धरला, तर तांबडं पाणी वाटीभर निघालं आणि मागून पत्र्याचे पापुद्रे. बाहेरून क्रोम चकचकीत होतं, काका, म्हणजे त्याचे वडील, दर रविवारी फडकं मारत होते. खालच्या वळणाजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत गेला.

हे पाणी आलं कुठून, ते नीट समजून घ्यायला हवं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी रस्त्यावर असली की सायलेन्सर शेवटपर्यंत तापतो आणि ही वाफ निघून जाते. उभ्या गाडीत पाच मिनिटांत हेड तापतं, हात लावला तर चटका बसतो, म्हणून वाटतं की गाडी तापली. पण खालचं तेल अजून कोमट असतं आणि सायलेन्सरचं मागचं टोक थंडच. वाफ तिथेच पाणी होऊन बसते. पिस्टनच्या रिंगांतून थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे तेल असतं त्या पेटीतही उतरतात, त्यांच्यातली वाफ तेलात. तेल १०० अंशांच्या आसपास जाऊन काही काळ तिथे राहिलं तरच ते पाणी उडतं आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळवावी लागते.

हिशोब करून पाहिला. ३५० सीसीचं इंजिन आयडलला पाच मिनिटांत अंदाजे चाळीस-पन्नास मिलिलिटर पेट्रोल पितं, चोक ओढला तर जास्त. जून ते डिसेंबरचे सगळे रविवार धरले तर सव्वा लिटरच्या पुढे पाणी तयार झालं. त्यातलं बरंचसं धुरासोबत गेलं, उरलेलं आत मुरलं. त्यात चोकमुळे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरलेलं. दोन्ही प्लग काजळीने काळे.

बॅटरीचंही तेच. २०१७पासूनच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटण नाही. सेल्फने एकदा जेवढा करंट ओढला तेवढा आयडलवर, दिवा जळत असताना, पाच मिनिटांत परत भरत नाही. दर रविवारी थोडी तूट. ऑक्टोबरपासून काका किक मारत होते. मीटर लावला तर ११.२ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६च्या वर हवी. बरेच दिवस १२च्या खाली राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं आणि मग चार्जर लावून उपयोग नसतो.

त्याच वाडीत एक स्प्लेंडर आहे, मालक मुंबईला. सगळा पावसाळा ती गोठ्याशेजारी उभी, कुणी हात लावला नाही. तिचीही बॅटरी मेली होती, कार्बोरेटरमधलं पायलट जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) चिकटलं होतं, मागचे ब्रेक शू ड्रमला धरले होते, कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. पण तेल स्वच्छ, सायलेन्सर शाबूत. ज्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही ती वाचली आणि जिची दर रविवारी काळजी घेतली ती आतून कुजली. हे काकांना कसं सांगायचं, यावर मी चहा थंड होईपर्यंत गप्प होतो. शेवटी सल्ला देणाऱ्याला नावं ठेवली, ती त्याची होतीच.

गाडी ठेवायची पद्धत खरं तर एका दुपारची आहे. निघायच्या आधी गाडी वीस किलोमीटर फिरवून आणायची आणि गरम असतानाच तेल व फिल्टर बदलायचं. "आल्यावर बदलू" म्हणतात, ते उलटं आहे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी असतं, ते सहा महिने बेअरिंगला लागून राहतं. नवं तेल भरून एकच मिनिट इंजिन फिरवायचं, बस.

पेट्रोलचं लोक सर्वांत चुकवतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावर जुलैत हवा म्हणजे निम्मं पाणीच. अर्धी टाकी ठेवणं सगळ्यांत वाईट: वरच्या अर्ध्या पत्र्याला गंज, खालच्या अर्ध्यात खराब पेट्रोल. कार्बोरेटरची गाडी तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची, आत पन्नास-शंभर मिलिलिटर इंजिन ऑइल टाकून सगळीकडे फिरवायची. कॉक बंद करून फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा, तळाचा स्क्रू सोडायचा आणि उरलेलं काढायचं. बाऊलमधल्या त्या दोन-चार चमच्यांचाच चिकट थर होतो आणि केसाएवढ्या पायलट जेटचं भोक बुजवतो. इंजेक्शनच्या गाडीला मात्र हे करू नये. तिचा पंप टाकीत असतो, सील सुकतात. तिथे टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं चालवायची, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोहोचतो.

मग प्लग काढून भोकातून पाचेक मिलिलिटर तेल सिलिंडरमध्ये सोडायचं, स्विच बंद ठेवून किक हाताने सावकाश दाबायची आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आला की थांबायचं. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, प्लग परत लावला की दमट हवेला आत वाट राहत नाही. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज. १४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला १.४ अँपिअर पुरे. चेन रॉकेलने धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल. रिम, स्पोक, हेडलाइटची रिंग यांना पेट्रोलियम जेली, डिस्कला चुकूनही नाही. क्लच लिव्हर कापडी पट्टीने दाबून बांधायचा, नाहीतर प्लेटा चिकटतात. मधल्या स्टँडवर उभी करून टायरखाली फळी द्यायची, हवा नेहमीपेक्षा पाच पीएसआय जास्त. सायलेन्सरच्या तोंडात तेलाचं फडकं, आणि ते काढायचं लक्षात राहावं म्हणून हँडलला चिठ्ठी. ताडपत्री नको. चिऱ्याच्या जमिनीतून ओल वर येते आणि ताडपत्री ती गाडीला बांधून ठेवते. जुनी सुती चादर बरी.

युरोप-अमेरिकेतले थंडीत गाडी ठेवायचे व्हिडिओ आता इथली पोरंही बघतात. तिथे भीती रस्त्यावरच्या मिठाची आणि गोठण्याची, इथे समुद्राच्या खाराची आणि दमटपणाची. पण मधेच चालू करू नका, हे तिथलेही जाणते मिस्त्री सांगतात. आपल्याकडे तेवढंच कुणी ऐकत नाही, कारण चालू झालेल्या इंजिनाचा आवाज ऐकला की जिवाला बरं वाटतं.

क्लासिकला नवा सायलेन्सर, बॅटरी, प्लग घातले. तेल टाकून वीस किलोमीटर पळवलं, काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या खेपेला साय आली नाही. पण थंड स्टार्टला हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हचं अंतर भरून काढणारे) सात-आठ सेकंद वाजतात. तेवढा वेळ लागू नये. टॅपेटमध्ये मळी अडकली असेल तर वापरून सुटेल. क्रँकच्या बेअरिंगला गंजाचे टिपके पडले असतील तर सुटणार नाही. पोराचं म्हणणं, आत्ताच इंजिन उघडा, एप्रिलात पुन्हा जहाज आहे. काका नको म्हणतात. सध्या ठरलं आहे ते असं, की पाचशे किलोमीटरला तेल काढायचं, फिल्टर कापून घड्या उलगडायच्या आणि त्यात धातूची चमक दिसली तरच इंजिन खाली घ्यायचं. त्यातले आज तीनशे दहा झालेत.