डिसेंबरातली मटकी

माझं माहेर सांगलीचं. तिथे उन्हाळ्यात सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी उठून बघावं तर मोड फडक्याबाहेर आलेले. मोड आणणं हे शिकायचं काम आहे, असं कधी वाटलंच नाही. लग्न होऊन साताऱ्यात आले, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, आणि पहिल्याच डिसेंबरात अख्खी पोटली वाया गेली. दोन दिवस झाले तरी मोडाचा पत्ता नाही, आंबूस वास, हाताला बुळबुळीत. जीव हळहळला, कारण ती मटकी आत्यांच्या माहेरून, माण तालुक्यातून आलेली. (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो.)

आत्यांनी फडकं चाचपून बघितलं. "पाणी निथळू दिलं न्हाईस, वर गाठ आवळलीस. त्यालाबी श्वास लागतोय की गं."

अगदी खरं आहे ते. भिजलेला दाणा जिवंत होतो, साठवलेलं पीठ वापरायला लागतो, त्याला हवा हवी असते. पाणी साचलं की हवा पोचत नाही, दाणा गुदमरतो आणि जंतूंचं फावतं.

तेव्हापासून थंडीत मी कोमट पाण्यात 8 तास भिजवते. मग रोळीत अर्धा तास निथळत ठेवते, ओल्या पंचात सैल गुंडाळून चाळणीत, खाली ताट. भाकऱ्या झाल्या की चाळणी गरम तव्याशेजारी, रात्री वर जुनी गोधडी. सकाळ-संध्याकाळ एकदा धुऊन पुन्हा निथळायचं. डिसेंबरात 2 दिवस लागतात. 1 वाटीची अडीच-तीन वाट्या होते.

भिजल्यावर गणंग मात्र वेचाच. त्यांच्या टणक सालीतून पाणी आत शिरतच नाही, आणि उसळीत एक जरी राहिला तरी दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

कळकळीने सांगते, पेरणीसाठी मिळणारं बियाणं मोडांना कधीही घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. धुतलं तरी ते खाण्याचं नाही. आपल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडाही मोड आले म्हणून कच्चा खायचा नाही, उलट्या होतात. तो खदखदून शिजवायचा. आणि ज्या ओल्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात, म्हणून लहान मुलांना, गरोदर बाईला मटकी-मूगसुद्धा शिजवूनच. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडांबरोबर येतं, ते फार शिजवलं की कमी होतं. म्हणून घरच्या मोठ्यांसाठी मुगाला मी एकच वाफ काढते.

हुलगे सगळ्यांत चिवट. काल रात्री भिजत घातलेले आज दुपारी बांधलेत, परवापर्यंत वाट बघायची. मग उसळ, आणि शिजवलेल्या पाण्याला लसणाची फोडणी देऊन कळण. आत्यांना ते भाकरी कुस्करून लागतं.