दौलताबादचा घाट, दोन ई-सायकली आणि थ्रॉटलचा मोह

संभाजीनगरहून वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर. नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद, मग घाट चढून कागजीपुरा, खुलताबाद आणि पलीकडे उतरलं की वेरूळ. मी आणि दाजी ई-सायकलवर जाऊन आलो. दोन्ही सायकलींची मोटर मागच्या चाकात, 250 वॉटची. बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर. कागदावर सारख्याच. फरक एवढाच, की माझ्या सायकलीला केडन्स सेन्सर आणि अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल (दाबला की पायडल न मारता मोटर चालते), तर दाजींच्या सायकलीला टॉर्क सेन्सर आणि थ्रॉटल नाहीच.

केडन्स सेन्सरला एकच कळतं: पायडल फिरतंय की नाही. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, आतल्या बाजूला चुंबकं बसवलेली प्लास्टिकची चकती असते, शेजारी छोटा सेन्सर. चुंबकं समोरून सरकू लागली की मोटर सुरू. तुम्ही जीव खाऊन मारताय की नुसते पाय फिरवताय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटरचा जोर लावतो.

छावणीपासून पडेगावपर्यंत हा फरक सिग्नलवर जाणवतो. केडन्सला सुरुवातीला पायडल थोडं फिरवावं लागतं, मग मोटर एकदम ढकलते. पुढे रिक्षा उभी असेल तर नको तेव्हा ढकलते. थांबतानाही तेच, पाय थांबले तरी मोटर क्षणभर चालूच. म्हणून अशा सायकलीच्या ब्रेकमध्ये मोटरची वीज तोडणारा स्विच असतो. निघण्याआधी मागचं चाक उचलून तो तपासा: थ्रॉटल हलका दाबायचा, ब्रेक ओढायचा, मोटर तत्काळ थांबली पाहिजे. दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा.

याउलट उभ्या सायकलला हलवायला थ्रॉटलसारखं सुख नाही. दौलताबादला रस्ता जुन्या दरवाजातून जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी निघते आणि सुट्टीच्या दिवशी हमखास कोंडी. दर दहा पावलांवर थांबा, निघा. मी अंगठा दाबून सरकत होतो. दाजी दर वेळी जड गिअरवर कण्हत होते, कारण थांबण्याआधी गिअर हलका करायचं त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. टॉर्क सेन्सरवाल्यांनी ही सवय लावून घ्यावी.

किल्ल्यासमोर पेरू घ्यायला थांबलो. विक्रेत्या मावशींनी सायकली न्याहाळल्या आणि विचारलं, "मोटर हाय ना? मग पायडल काऊन मारायलेत?"

याचं उत्तर घाटात मिळतं. शहर आणि खुलताबाद यांच्या उंचीत साधारण पावणेतीनशे मीटरचा फरक आहे. माणूस, सायकल, पाणी-बिणी धरून शंभर किलो वजन तेवढं वर न्यायचं तर निव्वळ उचलायलाच 75 वॉट-अवर लागतात. मोटरमधला तोटा धरला तर सव्वाशेच्या घरात. आमच्या बॅटऱ्या 360 वॉट-अवरच्या. म्हणजे नुसत्या थ्रॉटलवर चढलात तर तिसरा हिस्सा चढालाच गेला, सपाटीचा खर्च वेगळा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चाकातल्या मोटरला सायकलच्या गिअरचा उपयोग नसतो. चढावर वेग सात-आठवर आला की मोटर हळू फिरते, कंट्रोलर (मोटरला वीज पुरवणारी डबी) मात्र करंट ओततच राहतो आणि त्यातला बराचसा भाग उष्णता होऊन जातो. अर्ध्या घाटात चाकाच्या मधल्या भागाला, म्हणजे हबला, हात लावून पाहिला, चटका बसला. मग थ्रॉटल सोडला, असिस्ट (पायडल मारताना मिळणारी मोटरची मदत) मधल्या पातळीवर ठेवला आणि हलक्या गिअरवर स्वतः जोर लावून वेग बाराच्या खाली जाऊ दिला नाही. पुढच्या थांब्यावर हब फक्त कोमट होतं.

दाजींना हे काहीच करावं लागलं नाही. वळणावर चढ वाढला, त्यांनी जोर वाढवला, मोटरनेही वाढवला. सायकल बदलून मीही ती थोडी चालवून पाहिली. आपलेच पाय अचानक पैलवानाचे झाल्यासारखं वाटतं. चढावर चालवायला ही खरोखर सरस. पण कागजीपुऱ्याच्या अलीकडे दाजींचा गुडघा बोलू लागला. "मी थकलो की ही बी थकायली राव," म्हणाले. बरोबरच आहे: जोर कमी लावला की मदतही कमी. गुडघेदुखी असलेल्यांना दुकानात हे कुणी सांगत नाही. त्यांच्यासाठी केडन्सच बरा, पाय नुसते फिरते ठेवले तरी मोटर साथ देते. खुलताबादपर्यंत मग दाजी माझ्या सायकलवर आणि मी त्यांच्या.

खुलताबादच्या अलीकडे एका खड्ड्यात सायकल आदळली आणि दाजींचा असिस्ट बंद पडला. थ्रॉटल चालू होता, म्हणजे बॅटरी-मोटर ठीक. वाकून पाहिलं तर चुंबकांची चकती सेन्सरपासून बाहेर सरकली होती. दोन्हींमध्ये दोन-तीन मिलिमीटरचीच फट हवी. अंगठ्याने चकती आत दाबली, क्रँक फिरवला. सेन्सरवरचा बारीक दिवा चुंबकागणिक लुकलुकायला लागला. काम फत्ते. थ्रॉटलचा हा एक फायदा मान्य करावाच लागेल: सेन्सर गेला तरी घरी येता येतं.

खुलताबाद ते वेरूळ उतार आहे. उतरताना बॅटरी भरेल ही आशा सोडा. आतच गिअर असलेल्या हब मोटरी उतारावर मोकळ्या फिरतात. ब्रेक पॅड मात्र चांगले हवेत. आणि ध्यानात ठेवा, हाच उतार परतीला चढ होतो, तोही बॅटरी उतरलेली असताना. डिस्प्लेवरच्या दांड्यांवर जाऊ नका. त्या बहुधा व्होल्टेजवरून दिसतात. चढावर जोर पडला की दोन दांड्या गायब, सपाटीला परत हजर.

त्यामुळे चार्जर सोबत घ्याच. 2 अँपिअरचा चार्जर तासाभरात बॅटरीचा साधारण पाचवा हिस्सा भरतो. जेवायला थांबता तिथे मालकाला विचारून, विजेचे पैसे देऊन लावायचा. बॅटरी उन्हात तापली असेल तर आधी सावलीत गार होऊ द्या. लेणी बघायला जाताना बॅटरी काढून पिशवीत घ्या, तीन-चार किलोचं ओझं आहे, पण निर्धास्तपणा येतो.

लेणी मंगळवारी बंद असतात. श्रावणी सोमवारी वेरूळच्या घृष्णेश्वराला आणि श्रावणी शनिवारी, तसंच हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी उसळते. शहरातून पायी निघालेल्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो. त्या दिवशी सायकल घरीच बरी. एरवी पहाटे निघा, दहाच्या आत घाट चढून व्हावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये मोटरच्या आधी माणूस तापेल.

250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेतल्या सायकलला नोंदणी किंवा लायसन लागत नाही. मिटमिट्याच्या पुढे एक पोरगा वेगमर्यादा काढून चाळिशीने गेला, ते यात बसत नाही. दाजींना आता टॉर्क सेन्सरवाल्या सायकललाच थ्रॉटल जोडून हवाय. तो नुसती वायर जोडून चालत नाही, कंट्रोलरमध्ये थ्रॉटलची सोय असावी लागते. घ्यायच्या आधीच दुकानदाराला विचारलेलं बरं.