तीन वर्षांच्या आतले मूल आणि त्याचे घर

न्यू जर्सीत मी मुलांच्या घरी जाऊन शीघ्र हस्तक्षेपाचे, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देण्याचे, काम करते; ही मुले जन्मापासून तीन वर्षांपर्यंतची असतात. कुणाचे बोलणे लांबलेले असते, कुणाचे चालणे, तर कुणी हाक मारली तरी वळून पाहत नाही. अशा मुलांच्या सेवांसाठी अमेरिकेत १९८६ साली केंद्रीय कायद्यात तरतूद झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आईवडील स्वतः फोन करू शकतात, तपासणीला पैसे पडत नाहीत आणि नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांच्या आत तपासणी करून, मूल पात्र ठरल्यास, मुलाला आणि घरच्यांना कोणती मदत द्यायची याच्या आराखड्याची पहिली बैठक कुटुंबासोबत घ्यावी लागते. पुढच्या सेवांसाठी मात्र इथे उत्पन्नानुसार काही वाटा उचलावा लागू शकतो.

मी रिकाम्या हाताने येते, याचे मराठी घरांत हमखास नवल वाटते. मॅडम खेळणी घेऊन येतील, तासभर मुलाला शिकवतील, तेवढ्यात आपला स्वयंपाक उरकेल, अशी अपेक्षा असते. आणि मी तर आईलाच जमिनीवर बसवते. आठवड्यातला माझा एक तास पुरणार कसा? उरलेला सगळा वेळ मूल घरच्यांसोबत असते. एका घरी पावणेदोन वर्षांचा मुलगा मोबाइल पाहत वरणभात खायचा. मोबाइल बाजूला ठेवून, घास त्याच्यासमोर धरून, त्याने आईकडे पाहीपर्यंत किंवा काही आवाज काढीपर्यंत थांबायचे, एवढेच आम्ही ठरवले. नाशिकहून आलेल्या आजींना ते मुळीच रुचले नाही. “अगं, लेकराला ताटकळत काय ठेवतेस? त्याचा बाबाही उशिराच बोलला!” मुलाने मागण्याआधी त्याच्यापुढे ठेवणे यालाच आपण माया म्हणत आलो असल्यामुळे हे थांबणे आपल्याला फार जड जाते. काही आठवड्यांनी त्याने “दे” म्हटले ते आजींनाच, आणि मग घास धरून थांबण्यात आजी आईपेक्षा कडक झाल्या.

घरी मराठी बोलल्यामुळे मूल मागे पडते, ही समजूत इथे अजून शिल्लक आहे, आणि ती पसरवणाऱ्यांत शिकलेले नातेवाईकही असतात. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झालेले आहे. उलट मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागलेली आई मुलाशी कमीच बोलते, असे मला दिसते.

भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे आणि तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहिले जाते. इथे आमचे काम मात्र तिसऱ्या वाढदिवसाला थांबते व पुढची जबाबदारी शाळांकडे जाते. त्या हस्तांतराची बैठक वाढदिवसाच्या निदान ९० दिवस आधी व्हावी लागते. शाळेत आराखडा कुटुंबाचा न राहता मुलाच्या शिक्षणाचा होतो. म्हणून मी पालकांना आधीपासून सांगून ठेवते की मूल घरी मराठीत जे बोलते त्याचे व्हिडिओ जपून ठेवा आणि बैठकीत दाखवा. अनोळखी खोलीत ते बहुधा तोंडच उघडत नाही.